डोक्याशी बसेल त्याचा हुकूम

रामनाथची मान अक्षयाच्या हातांत असतानाच मोडली. सगळ्यांच्या देखत मोडली आणि मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. थॉमस सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे जाहीर केलं की रामनाथ आता जन्मभर अंथरुणावरून उठणार नाही.

रामनाथ हा रबराचा पुतळा. तुळिंजच्या बाजारात साड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, अँब्युलन्सवर काम करणारी माणसं तयार करण्याचा वर्ग चालतो, तिथला हा सगळ्यात जुना रहिवासी. त्याचं बारसं कुठल्या तुकडीने केलं ते आता कुणालाच आठवत नाही. आजवर तो शेकडो वेळा बुडाला होता, भाजला होता, दुचाकीवरून पडला होता, एकदोनदा तर बाळंतही झाला होता. आणि दर वेळी खेळ संपला की कपाळावर आठी न आणता कपाटात जाऊन उभा राहायचा. असा सोशिक नट शोधून सापडायचा नाही.

त्या दिवशी तो उंचावरून पडलेला माणूस होता. अशा माणसाच्या मणक्याला इजा झाली असेल असं धरूनच चालायचं. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसायचं, दोन्ही तळहातांत डोकं स्थिर धरायचं. बाकीच्यांनी बाजूला बसून, सगळ्यांनी एकदम, त्याला एखाद्या ओंडक्यासारखा कुशीवर वळवायचा आणि पाठीखाली फळी सरकवायची. कधी वळवायचा ते फक्त डोकं धरणारा सांगणार. एक, दोन, तीन. डोक्याशी बसेल त्याचा हुकूम, हे वाक्य थॉमस सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं आणि सहा महिन्यांत कधी पुसू दिलं नव्हतं.

अक्षयाने सगळं बरोबर केलं. हातमोजे घातले, आजूबाजूला धोका नाही ना ते पाहिलं, डोकं धरलं ते असं, की सरांनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले होते. पण परीक्षेत प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून करायची असते आणि अक्षयाचा आवाज तिच्या स्वतःच्या ओढणीच्याही पलीकडे गेला नाही. डावीकडे बसलेल्या स्टेफीला वाटलं मोजून झालं असावं, तिने वळवलं. उजवीकडचा वाट बघत राहिला. रामनाथचं धड एका दिशेला गेलं, मान तिथेच राहिली.

सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की सहा आठवड्यांनी आणखी एकदा परीक्षा देता येईल. तीही गेली तर वर्ष गेलं, सगळं पहिल्यापासून. वर एवढंच म्हणाले, की हातांबद्दल मला काळजी नाही.

अक्षयाचा आवाज कुठे हरवला होता, त्याचीही एक गोष्ट आहे. तिचं माहेर जूचंद्रचं, खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांचं. घरात सगळे 'पानी' म्हणायचे आणि ते पाणी तितकंच गोड लागायचं. पाचवीत बाईंनी तिला धडा मोठ्याने वाचायला उभं केलं आणि पहिल्याच ओळीला वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट बुद्धीने नव्हे, पण हसल्या. त्या दिवसापासून अक्षया प्रत्येक वाक्य ओठांपाशी थांबवून तपासायला लागली. तपासून होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची. पुढे लग्न होऊन ती राजोडीला, बागायतदार चुरींच्या घरात आली. मितेशने तिला पसंत केलं ते ती कमी बोलते म्हणून नव्हे, पण गावाने तिचं कौतुक केलं ते मात्र त्याच कारणासाठी. सून कशी, आहे की नाही कळतसुद्धा नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या.

लग्नानंतर सहा वर्षं ती नालासोपाऱ्याच्या एका नर्सिंग होममध्ये केसपेपर लिहीत होती. त्या टेबलावरून तिला रस्त्यावरची सगळी दया दिसायची. कुणी बांधकामावरून पडलेला, कुणी खांबाला धडकलेला. चार माणसं त्याला रिक्षात कोंबून, बगलेत हात घालून, मान लटपटत असताना धावत घेऊन यायची. एकदा डॉक्टरांनी आणणाऱ्याला हळूच विचारलं, पडला तेव्हा पाय हलत होते का? तो माणूस भाबडेपणाने म्हणाला, "हो साहेब, मस्त हलत होते." डॉक्टरांनी आता न हलणाऱ्या त्या पायांवर चादर ओढली. अक्षयाने केसपेपरवर नाव लिहिलं आणि त्या रात्री घरी जाऊन मितेशला सांगितलं की मला अँब्युलन्सवरचं शिक्षण घ्यायचंय. मितेश म्हणाला घे. सासू प्रेमलताबाई म्हणाल्या, डबा मी करीन. सासरे आत्माराम एवढंच म्हणाले, की आपल्या घरातून कुणीतरी एकदा रंगमंचावर जायलाच हवं होतं.

ते असं का म्हणाले हे कळायला आत्माराम चुरी कोण ते सांगायला हवं. पोटापाण्याला केळी आणि सोनचाफ्याची वाडी. पण देवीच्या जत्रेला गावात जे नाटक व्हायचं, त्याचे ते एकतीस वर्षं प्रॉम्प्टर. तोंडाला रंग असा कधी लागला नाही. विंगेच्या काळोखात, गुडघ्यावर वही, वहीवर बॅटरी, आणि ओठांतल्या ओठांत सगळ्यांचे संवाद. एकतीस नाटकं त्यांना पाठ होती, स्त्रीपात्रांसकट. टाळ्या दुसऱ्यांना मिळायच्या आणि ते त्या काळोखात बसून इतके खूश व्हायचे, की जणू आपल्याच पाठीवर थाप पडली.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शत्रुघ्न. शेजारच्याच वाडीतला, नारळ उतरवण्यात पंचक्रोशीत पहिला, आणि गावच्या नाटकाचा कायमचा नायक. रूप राजाचं, छाती राजाची, आवाज तर थेट जत्रेच्या टोकाला, चिंचेच्या झाडाखालच्या शेंगदाणेवाल्यापर्यंत. पाठांतर शून्य. एका वर्षी आत्मारामांनी घाईत कंसातलंही वाचून टाकलं आणि शत्रुघ्न भर दरबारात गरजला, "राजा हसतो आणि डावीकडून जातो." आणि हसून डावीकडून गेलासुद्धा. अजूनही लग्नात दोघं शेजारी बसले की कुणीतरी ती आठवण काढतंच, आणि शत्रुघ्न दर वेळी म्हणतो, चूक ह्याची, टाळी माझी.

तर त्या संध्याकाळी अक्षया वर्गावरून आली तेव्हा आत्माराम ओट्यावर बसले होते. परीक्षेला ते परीक्षा म्हणत नसत.

"कसा झाला प्रयोग?"

"पडला," अक्षया म्हणाली.

त्यांनी तिला हात-पाय धुऊ दिले, चहा घेऊ दिला, मग सगळं विचारून घेतलं. रामनाथची मान मोडल्याचं ऐकून प्रेमलताबाईंनी हळहळ व्यक्त केली. त्यांच्या ध्यानात पुतळा आहे हे यायला थोडा वेळ लागला. आत्मारामांनी परीक्षेतल्या पायऱ्यांचा कागद तिच्याकडून मागून घेतला आणि वाचून काढला. मग म्हणाले, "तुझे हात पाठ आहेत. तोंड पाठ नाही. तोंडाचं काम मला येतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या कागदावरच्या सगळ्या पायऱ्या आपल्या जुन्या सवयीने वहीत मोठ्या अक्षरांत उतरवल्या. पडवीत चटई टाकली. रुग्णाच्या भूमिकेत प्रेमलताबाई. त्यांनी भूमिका मनापासून केली, पण बेशुद्ध पडायला त्यांना जमेना. मधेच एक डोळा उघडून म्हणायच्या, सुकेळ्यांवर माशा बसतायत, कुणीतरी फडकं टाका. अक्षया म्हणायची, आई, बेशुद्ध माणूस बोलत नाही. त्यावर त्या म्हणायच्या, वाळत घातलेली केळी त्या माणसाला दिसत नसतील, मला दिसतात.

आत्माराम दाराआडून एकेक वाक्य सोडायचे आणि अक्षया ते उचलायची. आठ दिवसांत सगळं झरझर व्हायला लागलं. नवव्या दिवशी त्यांनी वही मिटली आणि कोनाड्यात ठेवली. प्रेमलताबाईंनी विचारलं, इतकं छान चाललंय, बंद का करता? ते म्हणाले, मी असाच शत्रुघ्न बिघडवला. आता ह्या पोरीला बिघडवायचं नाही.

मग आवाज. रोज सकाळी ते तिला वाडीत घेऊन जायचे. अक्षया फाटकापाशी, आपण स्वतः केळीच्या रांगांपलीकडे विहिरीवर, मध्ये पंप चालू. तिचं वाक्य पोचलं तर हात वर करायचे, नाही पोचलं तर नुसते उभे राहायचे. पहिला आठवडा ते नुसते उभे राहिले. कधी रागावले नाहीत, कधी 'मोठ्याने' म्हणाले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे इतके गेलेले की पूजाही खुर्चीवर बसून करायचा, तो पाऊण पाऊण तास विहिरीवर उभा राहायचा, एका वाक्याची वाट बघत. कुणी आपल्यासाठी इतकं उभं राहिलेलं अक्षयाने पाहिलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने सगळा जीव एकवटून म्हटलं की रुग्ण श्वास घेतो आहे, आणि केळीच्या पानांवरून त्यांचा हात वर आला. त्याच वेळी समुद्राकडे निघालेली पर्यटकांची एक गाडी फाटकाशी थांबली आणि आतल्या बाईने घाबरून विचारलं, कोण आजारी आहे?

पण एक गाठ सुटेना. वाक्यं यायला लागली, हुकूम येईना. आत्माराम सरावात मुद्दाम मधे लुडबुडायचे, रुग्णाच्या बगलेत हात घालायचे. अक्षया म्हणायची, "बाबा, जरा हात काढता का?"

"हे विचारणं झालं," ते म्हणायचे. "तू विचारेपर्यंत मी उचलून रिक्षात घातला."

"मोठ्या माणसांना हुकूम कसा देऊ मी?"

आत्मारामांनी मनातल्या मनात सगळ्या वह्या चाळल्या. एकतीस नाटकांत त्यांना सुनेने सासऱ्याला हुकूम दिलेला एकही प्रवेश आठवला नाही.

परीक्षा आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी अक्षयाला हॉस्पिटलातल्या सरावाची सुट्टी होती. सकाळचे दहा वाजले असतील, ती अंगणात कपडे वाळत घालत होती. शेजारच्या वाडीतून आधी फांदी तुटल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग शत्रुघ्नाची बायको हंसा हिची किंकाळी.

शत्रुघ्न नारळ उतरवून खाली येत होता. आयुष्यभर पायांत दोरीचं वेटोळं घालून सरसर चढला-उतरला तसाच. दोन पुरुष उंचीवर असताना दोरी सुटली. पाठीवर पडला, आणि कमरेचा कोयता मांडीत गेला. अक्षया कुंपणातून पलीकडे गेली तोवर सातआठ माणसं जमली होती. शत्रुघ्न शुद्धीवर होता, काही नाही झालं म्हणत उठायचा प्रयत्न करत होता. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता. उचला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी थॉमस सरांच्या पुस्तकात नव्हती. ह्या गावांत माणसाला भुईवर ठेवतात ते एकदाच, शेवटचं. म्हणून जिवंत माणूस पडला तर त्याला क्षणभरही जमिनीवर राहू द्यायचं नाही. खाटेवर घ्या, मांडीवर घ्या, पण भुईवरून उचला. जो हात पुढे करणार नाही तो माणूस कसला? हंसा तर ओरडतच होती, "त्यांना भुईवर ठेवू नका, अहो, कुणीतरी उचला त्यांना."

पहिले वाकले ते आत्माराम. इतके दिवस जे सरावात खोटं खोटं करत होते ते आता खरं करत होते. गुडघे विसरले, वही विसरली. आपला मित्र जमिनीवर पडलाय एवढंच दिसत होतं. दोन्ही हात शत्रुघ्नाच्या बगलेत गेले होते. दुसऱ्या दोघांनी पाय धरले होते.

अक्षयाला शत्रुघ्नाचे पाय दिसले. बोटं हलत होती. मस्त हलत होती.

वाक्य तपासायला वेळ नव्हता. जे आलं ते जूचंद्रहून आलं, खाडीच्या वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारतात तसं.

"बाबा, हात काढा! कोनी उचलायचा नाय त्याला!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. गावात आहे की नाही हे कळत नसलेली सून सासऱ्यावर ओरडली होती. पाय धरलेल्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ सरळ झाले आणि म्हणाले, आता सुनांनी शिकवायचं का? त्या क्षणी सगळं आत्मारामांवर होतं. ते काय म्हणतील ते गाव करणार होतं. त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं.

"काढतो," ते म्हणाले. आणि एक एक बोट सोडवावं तसे त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले. मग वाकलेलेच राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता मी काय करू ते सांग."

पाय धरलेल्यांनी पाय सोडले.

अक्षयाच्या हाताशी हातमोजे नव्हते. धुतलेला टॉवेल खांद्यावर होता, त्याची घडी करून तिने मांडीच्या जखमेवर दाबून धरली. आता ते हात तिथून निघणार नव्हते. म्हणून तिने हुकूम दिला. "बाबा, डोक्याशी बसा. सरावात मी धरते तसं धरा. काहीही झालं तरी सोडायचं नाही." आत्माराम नारळाच्या टोकदार सालींच्या, सोडणांच्या पसाऱ्यावर गुडघे टेकून बसले आणि मित्राचं डोकं दोन्ही तळहातांत घेतलं. प्रेमलताबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या होत्या, त्यांना तिने पाणी देऊ दिलं नाही. १०८ ला फोन लावायला आणि पत्ता नीट सांगायला लावलं. त्या कुरकुरणाऱ्या गृहस्थांना म्हणाली, काका, फाट्यावर उभे राहा, गाडी चुकता कामा नये. ते एकदा आत्मारामांकडे बघून निघाले, आणि थोडं पुढे गेल्यावर चक्क धावायला लागले.

हंसा नवऱ्याच्या पायाशी बसून रडत होती. भुईवरून उचला, एवढंच म्हणत होती. तिला हुकूम देऊन चालणार नव्हतं. अक्षया तिच्याशी हळू बोलली.

"काकी, त्यांच्या मानेला लागलंय का ते आपल्याला ठाऊक नाही. आत्ता ह्या भुईएवढी सरळ फळी आपल्याकडे दुसरी नाही. गाडी येईपर्यंत भुई त्यांना धरून राहील."

हंसाने उचला म्हणणं थांबवलं आणि शत्रुघ्नाच्या पायावर हात ठेवला.

अक्षयाने त्याला विचारलं, मान न हलवता नुसतं तोंडाने सांगा, पायाला हात लागलेला कळतो का? कळत होता. हातांना? हातांना मुंग्या येत होत्या. मानेला लागलं असणार हे त्यावरून तिला कळलं, आणि त्याच आवाजात तिने बाबांना पुन्हा बजावलं की डोकं सोडायचं नाही.

गाडी यायला सत्तावीस मिनिटं लागली. ऊन चढलं. सोडणांची टोकं आत्मारामांच्या गुडघ्यांत घुसत होती, कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होता आणि तो पुसायला हात नव्हता. शत्रुघ्नाला भीती वाटायला लागली होती हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्याने वर, उलट्या दिसणाऱ्या मित्राच्या तोंडाकडे बघितलं.

"आत्माराम, आता काय बोलायचं ते सांग की."

"आज काही बोलायचं नाही," आत्माराम म्हणाले. "आज तुला मुकं काम आहे. आणि देवाशपथ, एवढं झकास काम तू आजवर केलं नाहीस."

शत्रुघ्न हसायला लागला तशी अक्षया दोघांवर एकदम ओरडली. हसल्याने मान हलते. दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गप्प झाले.

अँब्युलन्सवर आग्नेल नावाचा तरुण होता. त्याने एक नजर टाकली, डोकं धरलेलं, जखम दाबलेली, रुग्ण सरळ, आणि काही न विचारता मानेचा पट्टा आणि फळी काढली. पट्टा बांधून झाल्यावर जखमेवरचा टॉवेल त्याने आपल्या हाताखाली घेतला आणि अक्षयाला म्हणाला, ताई, तुम्ही डोक्याशी बसा, तुम्हीच मोजा. तिने आत्मारामांचे तळहात आपल्या तळहातांनी झाकले, मगच त्यांना हात काढायला सांगितलं. त्यांची बोटं वाकली होती तशीच राहिली, सरळ होईनात. बाजूला गावातली तीन माणसं बसली, त्यांतली दोन तिच्या वडिलांच्या वयाची. तिने प्रत्येकाकडे बघून सांगितलं की मी तीन म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मग तिने मोजलं. ते मोजणं चिंचेच्या झाडापर्यंत गेलं असेल. तीनवर शत्रुघ्न एका अंगाने, एका हालचालीत, ओंडक्यासारखा वळला आणि पाठीखाली फळी आली.

मानेतल्या एका हाडाला चीर गेली होती. आतला मज्जारज्जू शाबूत होता. दुपारी हॉस्पिटलात पोचलेल्या मितेशचा फोन आला, डॉक्टरांनी विचारलं म्हणे, ह्यांना रिक्षातून नाही ना आणलं? तीन महिने पट्टा, मग माणूस पहिल्यासारखा. फक्त झाडावर चढणं बंद. हंसाने फोन मागून घेतला आणि अक्षयाला एवढंच म्हणाली, भुईने धरलं गं त्यांना.

संध्याकाळी प्रेमलताबाई आत्मारामांच्या गुडघ्यांना तेल लावत होत्या. गुडघ्यांवर सोडणांचे वळ उठले होते. आत्माराम जेवले नव्हते.

"मला सगळं पाठ होतं गं," ते अक्षयाला म्हणाले. "तुझ्याआधी पाठ होतं. तरी हात आधी माझेच गेले. तू ओरडली नसतीस तर शत्रुघ्नाला मीच..." त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून बघितले.

अक्षया त्यांच्या पायाशी बसली. आज पहिल्यांदा ती काही न तपासता बोलत होती.

"बाबा, तुम्ही शिकवलंत म्हणून मला ओरडता आलं, ते तर आहेच. पण नुसत्या ओरडण्याने काय झालं असतं? त्या काकांनी उचललाच असता त्यांना. तुम्ही सगळ्यांसमोर 'काढतो' म्हणालात, मग विचारलंत, आता काय करू. त्याच्यानंतर मला कुणी अडवलं नाही. एवढं कोन करतं सुनेसाठी?"

आत्मारामांनी वर केलेलं धोतर गुडघ्यांखाली ओढलं. मग प्रेमलताबाईंना म्हणाले, पान वाढ.

आठ दिवसांनी तुळिंजच्या दुसऱ्या मजल्यावर रामनाथ पुन्हा एकदा उंचावरून पडला. अक्षयाने तो सुखरूप फळीवर घेतला. तिचं मोजणं खाली साड्यांच्या दुकानात ऐकू गेलं आणि दुकानदाराने नोकराला वर पाठवून चौकशी केली. थॉमस सरांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, जरा हळू मोजलंस तरी चालेल.

ह्याला आता दोन वर्षं होत आली. अक्षया विरारच्या एका अँब्युलन्सवर आहे. खाकी विजार, खिशात कात्री, आवाज असा, की ड्रायव्हर म्हणतो हॉर्न वाजवायची गरज नाही. अपघात झाला की गर्दी असतेच, आणि गर्दीच्या तोंडी आजही तोच एक शब्द असतो. त्या गर्दीवर ती सरसकट ओरडत नाही. गाडीतून उतरता उतरता तिची नजर जमलेल्यांतून फिरते आणि सगळ्यात वयस्कर माणूस शोधते. सरळ त्याच्यापाशी जाते, त्याला काहीतरी खरं काम देते: डोकं धरा, सलाईनची बाटली धरा, ह्या बाईंचा हात धरून बसा. म्हातारा एकदा खाली बसला की बाकीचे हात आपोआप मागे जातात. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही. थॉमस सर आता नव्या तुकडीला ती शिकवतात आणि विचारलं तर सांगतात, राजोडीच्या एका प्रॉम्प्टरची आहे.

काम झालं, स्ट्रेचर आत गेलं, की दार लावण्याआधी अक्षया त्या अनोळखी म्हाताऱ्याकडे वळते. तो आपल्या हातांकडे बघत उभा असतो, आपण काय केलं ते अजून नीटसं न कळलेला. ती त्याला हात जोडते, मनापासून, घाई असली तरी.

"तुम्ही होतात म्हणून झालं, बाबा," ती म्हणते, आणि दार लावून घेते.